पोटाशी धरलेली बॅग

सोलापूर स्टँडवर एसटी लागली, की आम्ही सगळे खिडकीतून पिशव्या टाकून जागा धरतो. रोज मोडनिंबला जाणारा एकजण मात्र कधीच टाकत नाही. माझ्याच वयाचा, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी. भली मोठी बॅग पोटाशी धरून सगळ्यांत शेवटी चढतो आणि उभ्यानंच जातो.

‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ हे ऐकतच मी मोठी झाले. सीटखाली वाकून बघितल्याशिवाय मला आजही बसवत नाही. परवा तर कुठंतरी स्फोट झाल्याची बातमी होती आणि स्टँडवर पोलीस फिरत होते. तो घामाघूम झालेला. मी म्हटलं, “टाका की बॅग खिडकीतून. रोज काय उभं राहता?”

तो हसला. “तुमी टाकली तर जागा धरली म्हणतात, ताई. मी टाकली तर आधी बस रिकामी करतात.”

मग मीच ओढणी टाकून त्याची जागा धरली. तो शेजारी बसला. माझी नजर सारखी बॅगेकडं जात होती. बस सुटताच त्यानं चेन शेवटापर्यंत उघडली, आतले विकायचे टॉवेल एकेक करून उलगडून दाखवले आणि पुन्हा घड्या घातल्या.

मी तोंडानं काहीच विचारलं नव्हतं.