वर चढलेली डोली

बेलवलीतल्या शीलाची सखाशी पहिली ओळख झाली ती भांडून. पावसाच्या तोंडाशी रानात येणाऱ्या शेवळांचे दिवस होते. स्टेशनजवळ पाटी घेऊन बसलेल्या बाईकडून तिने दोन जुड्या घेतल्या, डाळ घालून भाजी केली आणि रात्री घरातले सगळे घसा खाजवत बसले. धाकटा भाऊ राजेंद्र तर ऑफिसला जाताना दुसऱ्या दिवशीही खाकरत होता. संध्याकाळी उल्हासनगरहून कामावरून परतताना शीला थेट पाटीपुढे जाऊन उभी राहिली.

"काय विकता हो? विष?"

पाटीवाली सरू हसली. "काकडां घेतलीस काय? शेवळात काकडां घातली नाय तं घसा खाजेल नाय तं काय व्हईल?"

"मग सांगायचं ना घेताना!"

"आख्ख्या जगाला ठावं हाय," सरू म्हणाली. मागे भारा उतरवत असलेला तिचा धाकटा भाऊ सखा मात्र पुढे झाला आणि काकडं, म्हणजे आंबट रानफळं, मूठभर शीलाच्या पिशवीत टाकून म्हणाला, "पैशे नको. चूक आमची हाय."

चूक आपली आहे असं म्हणणारा पुरुष शीलाने एकोणचाळीस वर्षांत पाहिला नव्हता. वडील गेले तेव्हा ती अठराची होती. उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला लागली, पुढे चेकिंगला आली. राजेंद्रचं शिक्षण, त्याची नोकरी, त्याचं लग्न, सगळं तिच्या पगारावर झालं. तिच्या लग्नाचा विषय दरवर्षी निघायचा आणि दरवर्षी कुणाला तरी काहीतरी व्हायचं. शेवटी विषय निघेनासा झाला आणि सकाळचे चार डबे मात्र तिच्याकडेच राहिले.

सखाची बायको सहा वर्षांपूर्वी तापाने गेली होती. मूलबाळ नव्हतं. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याची वाडी, थोडी भातशेती, बाकी रानातली कामं. दोन वर्षं शीला भाजी घेत राहिली. राजेंद्रची बायको प्रीती एकदा म्हणालीच, "ताई, आपल्या घरात एवढी भाजी कोण खातं हो?"

मग एके दिवशी शीलाने जेवताना सांगून टाकलं. लग्न करणार आहे. सखाशी. त्याच्या वाडीवर, डोंगरात. नोंदणीचं.

राजेंद्रचा घास हातात राहिला. "ताई, तो आदिवासी आहे."

"माहीत आहे. आपण बौद्ध आहोत हेही माहीत आहे. म्हणून तर स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टने करतेय. उद्या कुणी म्हणायला नको की लग्न झालंच नव्हतं."

अशा लग्नाची नोटीस महिनाभर कार्यालयाच्या फळ्यावर राहते. कुणीतरी त्या नोटिशीचा फोटो काढला आणि तो समाजाच्या ग्रुपवर फिरला. राजेंद्र घामाघूम होऊन घरी आला. रागावला, चिडला, आणि शेवटी आवाज उतरवून भलताच तोडगा काढला.

"हे बघ ताई, करायचंय तर कर. पण गुपचूप. ऑफिसात सही कर आणि तिकडेच जा. आम्ही सांगू, पळून गेली. लोक महिनाभर बोलतील, मग विसरतील. आम्हाला काही माहीत नव्हतं, एवढं तरी म्हणता येईल."

"पळून?" शीला म्हणाली. "एक्केचाळीस वर्षांची बाई मी, शेअर रिक्षा पकडायला पळवत नाही मला. आणि का पळू? कुणाचं चोरून नेतेय?"

"डोंगराचा हट्ट कशाला मग? हॉल घे ना एखादा."

"हॉलमध्ये तुझी माणसं त्याच्या माणसांना मागच्या रांगेत बसवतील. वाडीवर सगळे जमिनीवर बसतात."

"आईचे गुडघे माहीत आहेत ना? ती कशी चढणार? आमच्या घरातलं कुणी येणार नाही, सांगून ठेवतो."

आई, द्रौपदी, कॉटवर बसून गुडघ्यांना तेल चोळत होती. ती तशीच चोळत राहिली. शीलाला तेच जास्त लागलं.

वाडीवरही सगळं सोपं नव्हतं. सरू म्हणाली, वाघोबाला नारळ दिल्याशिवाय आमच्यात बाई घरात येत नाही.

"मी हात जोडणार नाही," शीला म्हणाली. "नारळ तुम्ही फोडा, वन्सं. खोबरं मी वाटेन."

सरूने मान डोलावली. "बरं. पन एक सांगते. बाईच्या घरचं एक तरी मानूस वर यावं लागतं. लेक दिली म्हनून बोलावं लागतं. नाय तं बाई आपल्या पायानी आली म्हनतात. आपल्या पायानी आलेलीला उद्या नवऱ्यानी मारलं, हाकललं, तं पंचात तिच्या बाजूनी बोलायला कोनी नसतं. मी तुझ्यासाठीच बोलते."

"सखा मारेल?"

"सखा नाय मारायचा. पन रीत सखासाठी नाय, सगळ्यांसाठी हाय."

म्हणजे कायद्याला तीन साक्षीदार हवे होते आणि वाडीला घरचं एक माणूस. शीलाने दोन्ही एकात बसवलं. कारखान्यातली मैत्रीण नूतन एक, वाडीतला किसन दुसरा, आणि तिसरा शहाडचा चुलतभाऊ अमित. अमितने आदल्या दिवशी मेसेज टाकला, ताई, जमणार नाही, समजून घे. शीलाने समजून घेतलं नाही. 'नाही' एवढंच लिहून पाठवलं.

लग्नाच्या सकाळी ती पांढरी साडी नेसून आईसमोर उभी राहिली. "येते गं."

"जा," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

विवाह अधिकारी मॅडम आधी कार्यालयात म्हणाल्या होत्या, "अहो, इथे दहा मिनिटांचं काम. मला कशाला डोंगर चढवता?"

"जागेचं शुल्क भरलंय ना, मॅडम? कायद्यात बसतं ना?"

"बसतं."

"मग चढा."

मॅडम साडीखाली स्पोर्ट्स शूज घालून आल्या होत्या आणि प्रत्येक वळणावर थांबून शीलाकडे रागाने बघत होत्या. वर पठारावर खुर्ची मांडून तिच्यावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर ठेवली होती. चुलीवर भात रटरटत होता. ढोल वाजत होता. सगळं होतं, फक्त तिसरा साक्षीदार नव्हता.

"इथलं कुणीही चालेल," मॅडम म्हणाल्या. "आधार कार्ड असलं की झालं."

कुणी पुढे आलं नाही. एक म्हातारा खाली बघत म्हणाला, "बाईच्या घरचं कोनी नाय, तं आमी कशी साक्ष द्यायची?" शीलाने सखाकडे पाहिलं. तो पायवाटेकडे बघत उभा होता. तिला वाटलं, हासुद्धा तोंड चुकवतोय.

तेवढ्यात ढोल थांबला.

पायवाटेने चार माणसं वर येत होती. खांद्यावर बांबू, बांबूला बांधलेलं घोंगडं, आणि घोंगड्यात कुणीतरी.

वाडीला रस्ता नाही. आजारी माणूस, अडलेली बाई, साप चावलेलं पोर, सगळं ह्या डोलीतून खाली जातं. बरं झालेलं माणूस आपल्या पायांनी वर येतं. भरलेली डोली वर येते ती एकाच कारणाने. एका बाईने हंबरडा फोडला. दुसरीने चुलीतली लाकडं बाहेर ओढली, मयत आलं की वाडीत चूल पेटती ठेवत नाहीत. कुणाचं गेलं ते कुणालाच माहीत नव्हतं, पण रडणं मात्र पठारभर पसरलं.

"अगं मेले नाही मी!" घोंगड्यातून आवाज आला. "लग्नाला आलेय! हळू रे बाबांनो, गुडघा!"

शीला धावली. द्रौपदी पांढऱ्याशुभ्र साडीत, केसांत पाचोळा, हातात तेलाची बाटली घट्ट धरून घोंगड्यातून बाहेर येत होती.

"सकाळी फोन आला," सखा पुटपुटला. "म्हनाल्या, जावई, मला वर न्यायची सोय करा. शीलाला सांगू नका, मधेच कळलं तं राजेंद्र अडवंल."

"रिक्षात प्रीतीने बसवलं," द्रौपदी म्हणाली. "म्हणते, चार डबे आता मलाच करायचेत, निदान लग्न तरी धड होऊ दे."

नूतन हसायला लागली. पण वाडीतलं कुणी हसलं नाही. सरूचा चेहरा पडला होता. "शीला, आज नको. भरली डोली चढली. अशा दिवशी लगीन नाय करत."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "मला उजेडात खाली उतरायचंय. आज नाही तर पुन्हा तारीख घ्या."

"आजच," शीला म्हणाली. तिचा आवाज चढला. "वन्सं, घरचं माणूस आणा म्हणालात. हे घरचं माणूस. रस्ता असता तर रिक्षाने आली असती. रस्ता नाही हा माझ्या आईचा अपशकुन का?"

मग द्रौपदीच लंगडत सरूपुढे गेली.

"जयभीम, बाई. मी लेक द्यायला आलेय. मेल्यावर मला कुणी इथवर आणलं असतं का? म्हणून जिवंतपणीच आले. ती आपल्या पायांनी आली असेल, पण तिच्या बाजूने बोलायला मी आहे. माझ्यानंतर कोण, ते तुम्ही सांगा."

सरू चुलीपाशी वाकली आणि ओढलेली लाकडं एकेक करून परत आत सारली. "मी बोलंन," ती जाळाकडे बघतच म्हणाली. "वाजवा रे."

वाघोबापुढे तिने नारळ फोडला. शीला ताठ उभी राहिली. द्रौपदीने तसबिरीपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण म्हटलं, तेव्हा सरू ताठ उभी राहिली. मग मॅडमनी सांगितलेले शब्द शीला मोठ्याने बोलली, मागच्या माणसालाही ऐकू जातील असे. "मी, शीला, तुम्हाला, सखा, माझे कायदेशीर पती म्हणून स्वीकारते." सखाचे शब्द दोनदा अडखळले आणि पोरींनी त्याची टिंगल केली. तिसऱ्या साक्षीदाराच्या जागी द्रौपदीने एकेक अक्षर कोरत सही केली.

पंगत बसली तेव्हा शीलाचा फोन वाजला. राजेंद्र. तिने आईकडे दिला.

"आई! कुठे आहेस तू? लोक विचारतायत. काय सांगू मी?"

द्रौपदीने भाकरीचा तुकडा रस्स्यात बुडवला. "ताई पळून गेली सांगणार होतास ना? तसंच सांग. म्हणावं, आईपण तिच्याबरोबर पळाली. आणि उद्या मला न्यायला ये. वर ये. खाली उभा राहू नकोस."