अठ्ठ्याहत्तरवर अडलेला काटा

सलग सातव्या सोमवारी काटा अठ्ठ्याहत्तरवरच थांबला, तेव्हा रत्नप्रभा परब काट्यावरून खाली उतरलीच नाही. चपला काढून झाल्या होत्या, पिशवी खाली ठेवून झाली होती. बांगड्या तेवढ्या राहिल्या होत्या, त्याही उतरवायच्या की काय, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. काटा बिघडलाय म्हणावं, तर तिच्या आधी चढलेल्या बाईचं वजन दोन किलोंनी उतरलेलं तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

"मावशी, उतरा आता," डॉक्टर अनुपमा म्हणाल्या. मुलुंडच्या त्या हॉस्पिटलात त्या नव्याच लागल्या होत्या. वय असेल सव्वीस-सत्तावीस. "खरं सांगा, भात खाता ना चोरून?"

चोरून! रत्नप्रभाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडुपच्या टेंभीपाड्यावर तिची खानावळ. गावाकडचे चौदा पुरुष दोन्ही वेळ तिच्याकडे जेवायचे. म्हणजे रोज पाच किलो तांदूळ तिच्या हातून शिजत होता आणि त्यातला घासही चार महिने तिच्या पोटात गेला नव्हता. भात झाला की नाही ते ती शीत बोटांनी चिरडून बघायची आणि बोट पदराला पुसायची.

"रवळनाथाची शपथ घेऊन सांगतंय, शीत तोंडात घातलेला नाय माझ्या."

"मग वजन का अडलंय?"

"ता माका कळला असता तर मी हंय कित्याक येतलंय?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या.

गोष्ट सुरू झाली होती श्रावणात. भाताचा टोप वेळताना, म्हणजे झाकण दाबून आतलं पाणी गाळून काढताना, रत्नप्रभाच्या बेंबीपाशी एकदम कळ आली. हात लावून बघते तो लिंबाएवढा गोळा. हर्निया. ऑपरेशन करावंच लागेल, पण शहाऐंशी किलोच्या अंगावर टाके धरायचे नाहीत, बहात्तरवर या, असं मोठ्या सर्जननी सांगितलं. तोवर जड उचलायचं नाही, आतडं आत अडकलं तर जिवावर बेतेल. आता जड उचलायचं नाही म्हणजे टोप उचलायचा नाही आणि टोप उचलायचा नाही म्हणजे खानावळ बंद. गिरण्यांच्या संपाला चार वर्षं होत आली होती. नवरा दशरथ तेव्हापासून दाराशी खुर्ची टाकून बसलेला. घर त्या टोपावर चाललं होतं. ती उचलत राहिली, पोटाला फडकं घट्ट आवळून.

खाण्याचा कागद मिळाला होता. भात, चपाती, बटाटा, केळी, साखर बंद. मासे, अंडी, पालेभाजी चालेल. मालवणी बाईला भात बंद! पण रत्नप्रभाने तो कागद देवाच्या फोटोमागे खोचला आणि पाळला. पहिल्या दोन महिन्यांत आठ किलो उतरले. ब्लाउज ढगळ झाले. शेजारची नलिनी म्हणाली, "काय गं, हिरॉईन व्हायचंय की काय या वयात?" तेव्हा रत्नप्रभा लाजलीसुद्धा.

मग काटा अडला. नलिनीने सांगितलं म्हणून लिंबाचं पाणी झालं, कडू जिरं झालं. संध्याकाळी टेंभीपाड्याचा चढ दोनदा चढून झाला. अंडं बंद केलं, बांगड्याचा अर्धाच तुकडा घेतला. काटा ढिम्म. एवढी भूक मारायची आणि वर चोर ठरायचं! ती इतकी थकली होती की रागसुद्धा फार वेळ टिकेना. बाकावर बसली आणि डोळे भरून आले.

डॉक्टर अनुपमा खुर्ची ओढून समोर येऊन बसल्या. आवाज जरा उतरला होता. "मावशी, माझं चुकलं. चोरून म्हणायला नको होतं. एक काम करा. उद्या दिवसभर जे जे तोंडात जाईल, तेवढंच दुसरं भांड्यात काढून ठेवा. सुकं ताटात, पातळ पातेल्यात. नळाचं पाणी सोडून सगळं. संध्याकाळी बघा आणि मला येऊन सांगा."

"बघतंय," रत्नप्रभा म्हणाली. मनात म्हणाली, बघ आणि तूच तोंडात बोट घाल.

दुसऱ्या दिवशी तिने ओट्याच्या कोपऱ्यात एक ताट आणि एक मोठं पातेलं मांडलं. सकाळी बिनसाखरेचा काळा चहा घेतला, तेवढाच दुसरा तिने वाटीत वेगळा काढून ठेवला. अकरा वाजता भात वेळला. टोपातून गाळलेली पेज, घट्ट, उकड्या तांदळाची, लालसर. रोजच्यासारखे दोन पेले तिने मीठ घालून घेतले आणि चौरंगावर टेकली. सकाळी पाचपासून उभी असलेली बाई पहिल्यांदा बसते ती तेव्हा. तिची आई तिला अशीच पेज द्यायची, शेतावरून आल्यावर, तापातून उठल्यावर. ती दहा मिनिटं कोणी हाक मारलेली तिला चालत नसे. आधी ती एकच पेला घ्यायची. भात सुटल्यावर पोटात आग पडायला लागली, तसे दोन झाले. मग चारला एक. मग रात्री चौदा पुरुष भात ओरपत असताना आपण काय करायचं, म्हणून आणखी दोन. डॉक्टरीणबाईंनी भात विचारला, चपाती विचारली. पेजेचं कोण विचारणार आणि कोण सांगणार? पेज आजाऱ्याला देतात. ते काय अन्न झालं?

पण नळाचं पाणी सोडून सगळं, असं सांगितलं होतं. शपथ घेतलेली बाई. तिने दोन पेले मोजून पातेल्यात ओतले. चारला एक. दिवेलागणीला पुढचे दोन.

ताटात काय होतं? बांगड्याचा अर्धा तुकडा, मुठीएवढी माठाची भाजी, काकडी. बघून तिचं तिलाच वाईट वाटलं. एवढंसं खाते मी? तिने दशरथला हाक मारली. "ओ, जरा हंय येवा. बघा, ह्या खाऊन कोण जाडी होता ता."

दशरथ उठून आला. ताटाकडे त्याने बघितलंच नाही. पातेल्यापाशी वाकला. सकाळची पेज थंड होऊन थिजली होती, वर जाड साय धरली होती. त्याने तर्जनी आत घातली, बाहेर काढली आणि अंगठ्यावर घासून बघितली. हळूहळू, दोनदा. एकोणीस वर्षं तो गिरणीत सायझिंग खात्यात होता. तिथे हेच काम, सुताला खळ लावायचं. खळ पातळ आहे की घट्ट, ते तो असंच बोटावर बघायचा. चार वर्षांत रत्नप्रभाने त्याला ते करताना पाहिलं नव्हतं.

"ही खळ हा गो," तो म्हणाला.

"खळ कसली? पेज ती."

"एकच ता. आमी सूत ह्याच्यातनच काढायचो. बाहेर इला की वजन चढलेला. शंभर किलो सुताक धा-बारा किलो." तो पातेल्याकडेच बघत होता. "ह्या सगळा तू पितंस? दिसाक?"

"तुमी गप रवा!" ती ओरडली. आणि मग तिनेच पातेल्यात वाकून बघितलं. पाच पेले. पातेलं अर्ध्याच्या वर भरलं होतं. कालथा उभा केला असता तर राहिला असता. भाताचं सगळं सत्त्व ती गाळून काढत होती, पुरुषांना चोथा वाढत होती आणि सत्त्व आपण पीत होती. वर रवळनाथाची शपथ!

तिला भयंकर लाज वाटली. देवाची वाटली, त्या पोरसवदा डॉक्टरणीची वाटली. पण लाजेच्याही खाली दुसरंच काही होतं आणि ते सांगायला तिच्याकडे कोणी नव्हतं. भात सोडला तेव्हा ती रडली नव्हती. आता पदर तोंडात धरून रडली. "तेवढीच तर एक गोष्ट होती माजी," ती म्हणाली. "धा मिनटां बसान पिऊची."

दशरथने पातेल्यावर झाकण ठेवलं. तो बोलणारा माणूस नव्हताच. संपानंतर तर उरलेलंही गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला भात झाला. रत्नप्रभाने फडकं आवळलं आणि टोपाकडे वळली, तर दशरथ टोपापाशी उभा. हातात दोन फडकी. "बाजूक सर," तो म्हणाला आणि त्याने टोप उचलला. वेळताना अर्धा शेर भात मोरीत सांडला, हात पोळला, तोंडातून शिवी गेली. रत्नप्रभाने कपाळावर हात मारला. पण पेज त्याने वेगळ्या बादलीत धरली आणि बादली नलिनीच्या दारात नेऊन ठेवली. नलिनीला तिच्या सुती साड्यांना कांजी करायला बरी पडली.

"बस," परत येऊन तो म्हणाला.

"बसान काय करू?"

त्याने तांब्यातलं पाणी दिलं. ती चौरंगावर बसली, पाणी प्याली आणि दहा मिनिटं रिकाम्या हातांनी बसून राहिली. पहिला आठवडा फार वाईट गेला. डोकं भणभणायचं, भाताच्या वाफेने जीव जायचा. जेवणाऱ्यांतला एक कुंडलिक म्हणून होता, तो म्हणाला, "वैनी, अलीकडे भात कच्चो लागता." तर ती त्याच्यावर अशी खेकसली की तो त्या दिवशी दुसऱ्यांदा भात मागायला विसरला.

डॉक्टर अनुपमांनी पेज ऐकली आणि कपाळाला हात लावला. "मी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. आठव्या सोमवारी सत्याहत्तर. मग पंचाहत्तर. होळी गेली. वैशाखाच्या उन्हात एका सोमवारी काटा बहात्तरच्या जरा खाली आला आणि थरथरत तिथेच थांबला. रत्नप्रभाला वाटलं होतं, या दिवशी आपण नाचू. तिला नुसतं कुठेतरी आडवं व्हावंसं वाटलं.

दशरथ त्या दिवशी बरोबर आला होता. डॉक्टर अनुपमांनी तारीख लिहून दिली, पुढचा बुधवार. "पंधरा दिवस अंथरुणातून उठायचं नाही, मावशी. पहिले दोन दिवस तोंडाने काही नाही. तिसऱ्या दिवशी थोडी पेज सुरू करू."

रत्नप्रभाला आधी नीट ऐकू आलं की नाही तेच कळेना. "काय देतलात?"

"पेज. एक वाटी. ऑपरेशननंतर चालते. घरून आणली तर उत्तमच. कोण आणेल?"

रत्नप्रभा उत्तर द्यायला गेली आणि अडली. चौदा माणसांना दोन्ही वेळ वाढणारी बाई. आई गेल्यापासून कोणी तिच्यासाठी पेज केलेली नव्हती. ती खाली पिशवीकडे बघत राहिली.

दशरथ दाराशी उभा होता. भाताने पोळलेल्या हाताचा डाग अजून गेला नव्हता. त्याने घसा खाकरला.

"गो," तो म्हणाला, "मीठ किती घालतंस?"