भिगवणचा माझा दगड आणि शेंडी बदकं

यंदा भिगवणला गेलो ते निव्वळ हट्टानं. गेल्या हिवाळ्यात याच ब्लॉगवर मी ठणकावून लिहिलं होतं, की उजनीच्या पाण्यावर येणारी शेंडी बदकं वर्षागणिक घटत चालली आहेत. पक्षिशास्त्र मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. बुधवार पेठेतली जुनी दुर्बीण, एक वही आणि सोळा वर्षांत न चुकलेला जानेवारी, एवढंच भांडवल.

सोबत सोसायटीतला निखिल. मूळचा अमरावतीचा, नोकरी हिंजवडीत, गळ्यात नवा कॅमेरा. पहाटे पाचला निघालो. हडपसर जागं व्हायच्या आत लोणी काळभोर मागं टाकलं, तर पुढं रस्ता सुखाचा. वाटेत चहा घ्या. मिसळीच्या पाट्यांवर विश्वास ठेवू नका.

साडेसातला मी माझ्या दगडावर. दरवर्षी तोच दगड, तीच वेळ. जागा बदलली की आकड्यांची तुलना होत नाही, हे निखिलला रस्ताभर ऐकवलं होतं. पक्षी सारखा बुडी मारतो, म्हणून तीनदा मोजून मधला आकडा घ्यायचा, हेही.

"काका, समोर सूर्य आहे. सगळं काळंच दिसतंय."

"ऊन फोटोवाल्यांना लागतं. मोजणाऱ्याला नाही."

होडीवाले दत्तूभाऊ हसले. "सूर्य डोळ्यात घिऊन पाखरं मोजता व्हय, सायेब? बसा होडीत. पलीकडनं समदं दिसतंय."

निखिलच्या फोटोंसाठी म्हणून बसलो. होडीचे पाचशे; घासाघीस करू नका. वळसा घातला, ऊन पाठीशी आलं आणि मी नुकत्याच मोजलेल्या थव्यातल्या जवळपास प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा टिळा दिसला. चांदवे! बदकंच नव्हेत, पण तेही काळे, तेही बुडी मारणारे. शेंडी बदकाच्या नराची कूस पांढरीशुभ्र असते. तसे चारच निघाले.

"चांदवं हितं कायमच हायती," दत्तूभाऊ म्हणाले. "कवा जास्ती, कवा कमी."

"मग काका, घटलं नक्की कोण?"

मी वही मिटली.

दुपारी काठावर माशाचं कालवण आणि भाकरी. तिखट सोसत असेल तरच मागवा. निखिल काटे वेचता वेचता माझ्या वहीकडे बघत होता.

"बोल ना, काय ते."

"काही नाही, काका. मासा मस्त आहे."

घरी येऊन सोळाही पानं उघडली. आकडा एकही खोडला नाही. मोजणी चोख होती. प्रत्येक पानावरचं 'शेंडी बदकं' तेवढं खोडलं आणि लिहिलं, 'काळे, बुडी मारणारे पक्षी'. घटले एवढं खरं. कोण, ते मला सांगता येणार नाही. गेल्या वर्षीचा लेख तसाच ठेवलाय, त्याच्या डोक्यावर या लेखाचा दुवा दिलाय.

तुम्ही जाणार असाल तर दगड तिथंच आहे. दुपारी चारनंतर बसा. तेव्हा ऊन पाठीशी असतं.