उजेडात धरलेली पोळी

माझी पाच वर्षांची भाची सई हल्ली पोळीचा प्रत्येक तुकडा खिडकीच्या उजेडात धरून बघते. भाजी, फळं तिला कधीच चालली नाहीत. गरम पोळी-तूप मात्र ती आवडीने खायची. म्हणून माझ्या बहिणीने, वैशालीने, एक दिवस कणकेत गाजर बारीक किसून घातलं. दोन-चार घास गेले आणि केशरी धागा दिसला. सई रडली नाही. तिने ताट सरकवलं, एवढंच.

काल मी त्यांच्याकडेच होते.

"आई, यात काय आहे?"

"काही नाही गं. शपथ! नुसती पोळी आहे."

खरंच काही नव्हतं. सईने तुकडा हुंगला आणि ठेवून दिला.

लहान मूल आधी तोंड उघडतं आणि मग घासाकडे बघतं. आईच्या हाताला त्याने तोपर्यंत काही विचारलेलं नसतं. एकदा ते विचारायला लागलं, की कुठली शपथ पुरणार? गाजर सईच्या पोटात फारसं गेलं नाहीच, आवडीची पोळीही सुटली.

वैशालीने तोच तुकडा स्वतः खाऊन दाखवला. तिने गिळेपर्यंत सई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तूच खा. मला भूक नाही."