सासूले कडक भाकर देणारी सून

आमच्या गल्लीत माह्यं नाव रागिणी नाही. माह्यं नाव आहे, सासूले कडक भाकर देणारी. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण मी दिसली का बायकांचं बोलणं बंद पडते. गोष्ट खोटी असती तर मी भांडली तरी असती. खोटी नाही, हेच तर दुखणं आहे. तीन बोटांएवढा भाकरीचा पापुद्रा, तव्यावर पापडासारखा वाळवलेला, मीच तिच्या ताटात टाकून राहिली.

सासू म्हणजे कौशल्याबाई. चांदूर बाजारच्या भाजीबाजारात कोणालेही विचारा. वांगे, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, सारं घरच्या वावरातलं, अन् आवाज असा का गिऱ्हाईक भाव विसरून जाय. जेवायले बसली का शेजारच्या ताटावरच्या माणसाले भूक लागत जाय. हातानं भारी, तोंडानं फटकळ, मनानं वाईट नाही. पण गुडघे गेले. दुकानातून उठवायले दोन माणसं लागायले लागले, तवा अमरावतीचा हाडाचा डॉक्टर म्हणाला, आधी वजन उतरवा, त्याबिगर मी गुडघ्याले हात लावत नाही. म्हणून नागपूरच्या दवाखान्यात तिच्या जठराच्या वरच्या बाजूले पट्टा बसवला. पट्ट्यावर चिमूटभर जागा राहते, घास तिथून हळूहळू खाली उतरते, अन् माणसाचं थोडक्यात भागते.

इथपर्यंत सारं चांगलं. पण घरी आल्याबरोबर आत्याबाईनं, सासूले मी आत्याबाई म्हणतो, मले आत बोलावलं, अन् माह्या नवऱ्याच्या, देवानंदच्या गळ्याची शपथ घातली.

"कोणाले सांगू नको. पित्ताचे खडे काढले म्हन. लोक म्हंतीन, बाजारात बसून खा-खा खाल्लं अन् आता पोट बांधून आली."

माह्या जिवावर आलं, पण नवऱ्याच्या गळ्याची शपथ कोण मोडते.

आता गंमत ऐका. नागपूरच्या आहारवाल्या मॅडमनं सांगतलं होतं, मऊ ब्रेड नको, कडक टोस्ट चालते. मले वाटलं बाई उलटं बोलली. आजारी माणसाले कोणी कडक देते का? मी आपली तव्यावरची गरम पोळी तूप लावून दिली. दोन घास गेले, तिसऱ्याले आत्याबाईचे डोळे पांढरे. मऊ पोळी चावली का तिचा गोळा होते, अन् तो पट्ट्याच्या तोंडाशी बसते. खाली नाही, वर नाही. छातीत कळ, तोंडातून लाळ, अन् शेवटी मोरीत ओकारी. भाताचंही तेच. जन्मभर वांगे विकले, पण वांग्याची साल उतरत नाही. संत्र्याच्या मुलखात राहून फोड सोलून नुसता गर चोखावा लागते. उतरते काय, तर पातळ वरण, कढी, दही, बारीक कुस्करलेलं उकडलेलं अंडं, अन् ज्वारीचा कडक पापुद्रा, पीठ होईपर्यंत चावला तर. तोही सकाळी नाही, दुपारनंतर. काल चाललं ते आज चालीनच असं नाही. पट्टाही सासूवरच गेला, त्याची मर्जी सांभाळता सांभाळता माह्या नाकी नऊ आले.

अशात अकोल्याहून माणिकमावशी आली. आत्याबाईची लहान बहीण, बहिणीवर जीव टाकणारी, अन् तोंडाचा पट्टा त्याहून मोठा. पित्ताचं ऑपरेशन झालेल्या बहिणीले सेवा करायले आली, अन् पाहते तर बहीण ओट्यावर बसून कडक भाकर कुरतडून राहिली.

"काहून वो रागिणी, घरात कनिक सरली का?"

मी म्हटलं, "मावशी, तिले तेच पचते."

"आजारी मानसाले मऊ द्याव लागते. एवढंही मायनं शिकवलं नाही तुले?"

माह्या मायचं नाव काढलं, तवा मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. म्हटलं, हातात असलं तर फेकल्या जाईन.

मावशीनं मंग आपली सेवा सुरू केली. पोळी चालली नाही तर कुल्फी आणली. कुल्फीले काय, ती पट्ट्यातून पाण्यासारखी उतरते, म्हणून तर डॉक्टरनं ती बंद केली होती. आत्याबाई दोन-दोन खाऊन राहिली अन् माह्याकडं पाहतही नव्हती. महिनाभर उतरत आलेलं वजन तिथंच अडलं. मी स्वयंपाकघरात तिले गाठलं.

"आत्याबाई, तुमाले गुडघा करायचा आहे का नाही? सांगून टाका न मावशीले."

"शपथ आहे तुले."

"तुमची शपथ, अन् बोलणे मी खाऊ?"

"खाय थोडे दिवस," म्हणे. जसं काही ते पथ्यच आहे.

देवानंदले सांगतलं, तर तो म्हणाला, "तुमचं बायकायचं तुमी पाहा." हा माणूस मोटर बिघडली तर रातभर विहिरीवर बसते, पण घरात आवाज चढला का त्याले वावर आठवते.

मंग रोडग्याचा दिवस आला. आमच्या वावरात मारोती आहे, त्याले दरवर्षी रोडगे करतात. कणकेचे पदर घालून केलेले गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची, फोडून तूप ओतायचं अन् वांग्याच्या भाजीसंग हाणायचे. वरून कडक, आतून मऊ लुसलुशीत. सारी भावकी पंगतीले बसली होती. मी एक रोडगा फोडला, वरचं कडक कवच आत्याबाईच्या पत्रावळीवर ठेवलं, अन् आतलं मऊ माह्या पत्रावळीवर घेतलं. प्रसाद आहे, टाकणार कुठं?

मावशी तिथूनच ओरडली, "पाह्यलं का सर्व्यायनं? लोनी सुनेले अन् टरफल सासूले. म्या म्हनत होती तं कोनी आयकत नव्हतं."

पंगत थांबली. भाजी वाढणारा वगराळं हातात धरून उभा. मी आत्याबाईकडं पाहिलं. एक वाक्य पुरे होतं. 'मीच मागतलं' एवढं म्हणाली असती तरी भागलं असतं, पट्ट्याचं नावही काढायची गरज नव्हती.

आत्याबाई म्हणाली, "पोरगी अजून कच्ची आहे. शिकन हयूहयू."

माह्ये दोन लेकरं शाळेत जातात, अन् मी कच्ची. मले इतका राग आला का डोळ्यात पाणी आलं, अन् पाणी आलं म्हणून अजून राग आला.

मावशीनं रोडग्याचा मऊ गाभा तुपात कालवला, मोठा घास केला अन् बहिणीच्या तोंडापुढं धरला. आमच्याकडं प्रसादाचा हातातला घास कोणी परतवत नाही. आत्याबाईनं एकदा मान हलवली, मावशीनं घास हलवला नाही. भावकी पाहून राहिली होती. आत्याबाईनं माह्याकडं पाहिलं अन् तोंड उघडलं. मंग दुसरा घास. मंग तिसरा.

तिसरा गेला अन् ती उठायले लागली. उठता येईना, गुडघे तसेच. बसल्या जागी ओकारी काढून राहिली, पण काहीच निघेना. स्वतःची थुंकीही गिळता येईना. देवानंदनं भाजीचा टेम्पो काढला अन् तिले अमरावतीले पोटाच्या डॉक्टरकडं नेलं. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मावशी समोर रडत बसली.

पट्टा आवळायले त्यात पाणी भरतात, त्याची गोटी पोटाच्या कातडीखाली राहते; डॉक्टरनं त्या गोटीत सुई टोचून पट्ट्यातलं पाणी काढलं, तवा अडकलेलं खाली उतरलं. मले अन् देवानंदले आत घेऊन तो म्हणाला, "असं परत झालं तर पट्टा सरकेल. सरकला की काढावा लागेल. मग वजन पुन्हा वाढणार, आणि गुडघ्याचं ऑपरेशन विसरा."

बाहेर आली तर मावशी मागून आलेल्या भावकीले सांगून राहिली होती, "काय चारलं वो इनं माह्या बहिनीले! कडक चारून-चारून आतडे वायवून टाकले."

मी देवानंदकडं पाहिलं. तो पंख्याकडं पाहून राहिला होता. बस. मी सरळ आत्याबाईच्या खाटेजवळ गेली.

"आत्याबाई, तुमच्या पोराच्या गळ्याची शपथ मी मोडली नाही, मोडणारही नाही. पण तुमी आत्ताच्या आत्ता सांगतलं नाही तर मी लेकरं घेऊन माहेरी जाईन. मंग तुमाले मावशीच्या हातचं मऊ खायचं आहे तर खा, अन् जन्मभर दोन माणसं धरून उठा."

मी असं तिच्याशी कधी बोलली नव्हती. तिनं पदरानं तोंड पुसलं. मंग बसक्या आवाजात म्हणाली, "मानिकले बोलाव."

मावशी आली. आत्याबाईनं तिचा हात धरून आपल्या पोटावर, सुई टोचली होती तिथं ठेवला. "हे लागून राहिलं ना हाताले? पित्त-बित्त काही नोहतं. म्या पोटाले पट्टा बांधला. मऊ मले चालत नाही. ते कडक मीच मांगत होती."

मावशीचा हात तिथंच राहिला. "मंग मले काहून नाही सांगतलं?"

"लाज वाटली."

"तुले लाज वाटली," मावशी म्हणाली. मंग माह्याकडं वळून पाहिलं, पहिल्यांदा नीट पाहिलं. "अन् या पोरीची लाज? म्या भर पंगतीत काढली ते? तू बसून पाह्यत होती ना?"

आत्याबाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं. तिची पाठ हलून राहिली होती. इतके दिवस हा एक सवाल मनात ठेवून मी तोंड शिवून बसली होती, अन् विचारला कोणी, तर मावशीनं.

मावशी अजून बोलणार होती. मी म्हटलं, "राहू द्या मावशी, तिले आता बोलायले त्रास होते." अन् मले माह्यावरच इतका संताप आला, का आताही मी तिचीच बाजू घेऊन राहिली.