आंबा घाट आणि गाडीची टकटक

बाबांनी जुनी गाडी घेतली होती ती आईसाठी. आईच्या मणक्यात दोष होता आणि एसटीच्या धक्क्यांनी ती कितीतरी दिवस अंथरुणाला खिळायची. तिचं माहेर घाटावर, मलकापूरच्या बाजूला. वर्षातून एकदा, भाऊबीजेला, बाबा तिला गाडीत घालून आंबा घाट चढवत आणि भावाच्या दारात उतरवत. बाकीचं वर्ष ती रत्नागिरीत जराशी पाहुणीच होती. तिचं बोलणं ऐकून शेजारणी गालात हसत. माझी मराठी ऐकून मुली हसत, कारण माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मी तोंड उघडण्याआधी वाक्य मनात जुळवून, तपासून घ्यायची, आणि तोपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. त्यामुळे मी बोलण्यापेक्षा बघायचीच जास्त.

पावसाळ्यात गाडी मांगरात, म्हणजे परसातल्या छपरात, ताडपत्रीखाली उभी असे. खाऱ्या दमट हवेनं डिस्ट्रिब्युटर खराब होतो म्हणून बाबा तो काढून घरात आणत आणि तांदूळ घातलेल्या पत्र्याच्या डब्यात, चुलीजवळच्या फळीवर ठेवत. डिस्ट्रिब्युटर म्हणजे कुठल्या प्लगला ठिणगी कधी मिळायची हे ठरवणारा भाग. तो परत बसवताना थोडा जरी फिरला तरी ठिणगीची वेळ चुकते. म्हणून बाबांनी त्याच्या अंगावर लाल ऑइलपेंटची एक बारीक रेघ ओढली होती आणि खाली इंजिनावर दुसरी. दोन रेघा समोरासमोर आणायच्या आणि बोल्ट आवळायचा.

हे सगळं त्यांनी मला समजावलं होतं. "ठिणगी फार लवकर पडली, तर पिस्टन वर येत असतानाच त्याला खाली दणका बसतो," ते म्हणाले होते. "जिना चढून येणाऱ्याच्या डोक्यावर दार आपटावं तसं. मग इंजिन ठोकायला लागतं."

माझ्या वयाच्या मुलीला हे कशाला, असं त्यांना कधी वाटलं नाही. मी न बोलता तासभर शेजारी उभी राहू शकते, हे त्यांना पुरेसं होतं.

त्या वर्षी दसऱ्याला नेहमीप्रमाणे अंगणात चटई घातली. पाने, पक्कड, प्लग आणि तांदळाच्या डब्यातून काढलेला डिस्ट्रिब्युटर मी ओळीनं मांडले. आईनं प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट ओढलं, झेंडूचं फूल ठेवलं. दुपारी बाबांनी सगळं गाडीत बसवलं आणि आम्ही चक्कर मारायला निघालो. भाट्याचा पूल ओलांडून चढाला लागलो, आणि डब्यात चिंचोके खुळखुळावेत तसा आवाज बोनेटखालून यायला लागला.

बाबांना पहिला संशय टायमिंगचाच आला. घरी येऊन त्यांनी वाकून बघितलं. "खूण तर जुळलेय," ते म्हणाले. "मग टायमिंग कसं चुकेल?"

शेजारी एसटीत ड्रायव्हर होते. ते आमच्याबरोबर एकदा चढ चढून आले आणि मान हलवत उतरले.

"भाऊ, बेअरिंग गेला तुमचा. इंजिन खोलायला हवा. घाटात नेलात तर मध्येच बसेल, मग वैनींना पाठुंगळी घेऊन चढा."

आई दारातून म्हणाली, "मला कशाला उचलतायसा, त्या गाडीलाच उचला की!"

सगळे हसले. पण इंजिन खोलणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पालीच्या बाजारातल्या एका दुकानदाराला जुनी गाडी हवी होती, इंजिन करून घ्यायची त्याची तयारी होती. बाबांनी त्याला निरोप पाठवला. आई एवढंच म्हणाली, "बरं झालं, मांगर मोकळा होईल." मग तिनं भावाकडे न्यायला बांधून ठेवलेली आमसुलं सोडली आणि परत बरणीत भरली. मी ते स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. तिची पाठ माझ्याकडे होती, आणि एवढ्याशा कामाला ती फार वेळ लावत होती.

दुकानदार गाडी बघायला येणार होता त्या सकाळी बाबा इंजिन पुसत होते आणि मी फडकं धरून उभी होते. त्यांचं फडकं डिस्ट्रिब्युटरवरून फिरलं. इंजिनावरच्या रेघेसमोरची लाल रेघ थोडी पुसली गेली, आणि फडक्याला गुलाबी डाग पडला. तिच्या बाजूलाच, जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, तेलकट काळ्या थराखाली आणखी एक रेघ होती.

ऑइलपेंट असा पुसला जात नाही.

मला कळलं. चुकले असेन तर? बरोबर असेन, तर मग चूक आईच्या बोटाची ठरेल, ती कशी सांगायची? वाक्य जुळेना. बाहेर दुकानदाराची मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला तेव्हा मी न जुळवताच बोलून गेले.

"बाबा, ती पेंट नाहीये. ते कुंकू आहे. आणि नॉकिंग फक्त चढावर होतं, ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडला की बंद. बेअरिंग असतं तर उभ्या गाडीतपण वाजलं असतं ना?"

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला आणि पुष्कळ वेळ वाकून बघितलं. मग सरळ होत म्हणाले, "बाय, आत जा नि बल्ब घेऊन ये."

दुकानदाराला त्यांनी चहा पाजला आणि हात जोडून सांगितलं, "आज नको. आधी मला एक बघू द्या."

बल्ब म्हणजे दोन वायरी जोडलेला गाडीचाच एक छोटा दिवा. बाबांनी हँडलनं इंजिन सावकाश फिरवून पुलीवरची खूण जागेवर आणली. डिस्ट्रिब्युटरमधला पॉइंट, म्हणजे ठिणगीचा स्विच, उघडतो त्या क्षणी बल्ब लागतो, तीच ठिणगीची वेळ. मी बल्ब हातात धरला, ते डिस्ट्रिब्युटर केसाकेसानं फिरवू लागले.

"लागला?"

"नाही... लागला!"

बोल्ट आवळून बघितलं, तर काळ्या थराखालची जुनी रेघ बरोबर इंजिनावरच्या रेघेसमोर आली होती.

परत भाट्याचा चढ. टॉप गिअरमध्येच गाडी हळू केली आणि बाबांनी पाय दाबला. "तू ऐक," ते म्हणाले. "माझे कान सरावलेत." एक बारीकशी टिकटिक आली आणि गाडीनं वेग घेताच विरून गेली. इतकी यायलाच हवी, हेही त्यांनीच शिकवलेलं.

"गेली," मी म्हणाले.

परतताना पुलावर त्यांनी मला विचारलं, "आईला काय सांगायचं?"

मी मांडीवरच्या फडक्याची घडी घातली, गुलाबी डाग आत जाईल अशी.

भाऊबीजेच्या दिवशी पाली गेली, साखरपा गेलं, घाट सुरू झाला. आई मांडीवर आमसुलांचं गाठोडं धरून वळणं बघत होती. अर्ध्या घाटात ती म्हणाली, "आवाज न्हाई की आता. कशानं बिघडलेली वो?"

"माझ्या चष्म्यानं," बाबा म्हणाले. "नंबर वाढलाय."

"मग बदला की! चांगली गाडी विकायला निघालेलासा."

"बदलतो," बाबा म्हणाले आणि आरशातून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत हसू दाबलं. वरती मामा रस्त्यावरच येऊन उभा होता. आई कुणाचा हात न धरता उतरली.

पुढच्या दसऱ्याआधी बाबांनी आपल्या दोन्ही रेघा खरवडल्या आणि पांढऱ्या रंगात नव्यानं ओढल्या. मग डिस्ट्रिब्युटर चटईवर ठेवून आईला हाक मारली. "अगं, ये. हा राहिलाय." आईनं त्याला नीट, भरपूर कुंकू लावलं.