खांबाच्या बुडाशी आकाराम

गूळ मार्केटचा हमाल आकाराम १९९६ साली तिकीट काढून बास्केटबॉलची फायनल बघायला गेला. मध्यंतरानंतर एका बास्केटचा लोखंडी खांब डुलू लागला. पंच सामना थांबवायला निघाले. आकाराम खाली उतरला, कडेची वाळूची चार पोती चार खेपांत पाठीवरून आणून खांबाच्या बुडावर रचली आणि वर स्वतः बसला.

“पावणं, तिकीट काढून हमाली करतासा व्हय?” मागून कुणीतरी ओरडलं.

“तिकीट काढलंय म्हणूनच की! मॅच पुरी व्हायला पायजे.”

समोर खांबच आडवा येत होता, गुणफलक पाठीमागं होता. भार हलू नये म्हणून त्यानं मानही वळवली नाही. खांब तसूभर सरकला नाही. शेवटची शिट्टी झाल्यावरच आकाराम उठला आणि पंचांना म्हणाला, “कोण जिकलं वो?”